सोड म्हणेपर्यंत

काळेवाडीच्या मुमताजला कुणी विचारलं असतं, की बाई, आयुष्यात तू केलंस काय, तर ती म्हणाली असती, कांद्याचे दांडे धरले. चाकणच्या कांदाबाजारातल्या हमालाची ती लेक. बाप पोती वाहायचा, आई सडका कांदा निवडायची, तेव्हा कांदा तिच्या कपाळी लिहिलेलाच होता. पण तो असा हातात येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तिचा नवरा रहिमान फोटोवाला. पिंपरीच्या बाजारात त्याचा एका खोलीचा स्टुडिओ होता. त्या काळात तिकडे कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या आणि प्रत्येक कंपनीला गेटपासावर चिकटवायला माणसाचं तोंड लागायचं. बीड, सांगली, रत्नागिरी, कुठून कुठून आलेली पोरं रहिमानच्या स्टुलावर बसायची, कंगवा पाण्यात बुडवून भांग पाडायची, आणि रहिमान काळ्या फडक्याआडून म्हणायचा, "हनुवटी वर. हलू नका." रविवारी तर रांग लागायची, म्हणून स्टुडिओ सोमवारी बंद. दिवसभर तोंडं काढून त्याला तोंडांचा वीट यायचा. घरी आला की तो भिंतीवरच्या पालीकडे, दिव्याभोवतीच्या पतंगाकडे बघत बसायचा. सासू म्हणायची, माझ्या लेकाला माणसं सोडून सगळं आवडतं.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मुमताजच्या घरात पाळणा बांधला गेला आणि चाळीस दिवसांच्या आत सोडला गेला. त्यानंतर मुमताज बोलायची बंद झाली. म्हणजे मुकी नाही झाली. भाकरी वाढली, पाणी ठेवलं, एवढं बोलायची. पण पूर्वी जी एसटीत शेजारच्या बाईशी बसल्या बसल्या नातं काढायची, ती मुमताज गेली. रहिमान काही सांत्वन करणाऱ्यातला नव्हता. त्या घराची रीतच अशी होती, की दुखलं तर लपवायचं आणि दुसऱ्याचं दुखलेलं दिसलं तर न बघितल्यासारखं करायचं, म्हणजे त्याला लाज वाटू नये. चांगली माणसं होती, पण चांगुलपणाही असा झाकून ठेवला की नासतो.

तेवढ्यात शेतकी खात्याचा एक साहेब स्टुडिओत आला. त्याला शेतकऱ्यांसाठी पत्रक छापायचं होतं. कांद्यावर कोणती कीड पडते, फुलावर कोणती माशी येते, सगळं मोठं करून दाखवायचं होतं. पुण्यातल्या मोठ्या स्टुडिओवाल्यांनी त्याला हसून वाटेला लावलं होतं. रहिमानला मात्र गूळ सापडलेल्या मुंगळ्यासारखं झालं. त्याच्याकडे एक जुना जर्मन कॅमेरा होता. त्यानं काय केलं, तर कॅमेऱ्याचं भिंग काढलं आणि उलटं करून त्याच तोंडावर बसवलं. सरळ भिंग मोठं जग लहान करतं, तेच उलटं धरलं की लहान जग मोठं होतं. कोणे एके काळी कुणाकडून तरी ऐकलेलं होतं, ते खरं निघालं. मुंगीचे पाय दोरीएवढे दिसायला लागले.

पण उलट्या भिंगाची एक खोड होती. किड्यापासून चार बोटांवर तोंड न्यावं लागायचं. त्यापेक्षा तसूभर पुढं गेलं की धुरकट, तसूभर मागं आलं की धुरकट. आणि कांदा बियाला सोडला की त्याचा जो पोकळ दांडा वर येतो, डेंगळा म्हणतात त्याला, त्याच्या डोक्यावर पांढऱ्या फुलांचा गोंडा असतो. तो माणसाच्या श्वासानंही डुलतो. रहिमानचे दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले. दांडा धरणार कोण?

एका सोमवारी त्यानं मुमताजला म्हटलं, येतेस का, चाकणला तुझ्या आईलाही भेटून येऊ. आईचं नाव पुढं करून त्यानं तिला महाळुंग्याला चिमाजीच्या शेतात नेलं. चिमाजी हा तिच्या बापाच्या ओळखीचा शेतकरी. दरवर्षी बियाचा कांदा करायचा. चाकणची लेक म्हणजे आपल्याच गावची माहेरवाशीण, असं म्हणून तो तिला लेकीच म्हणायचा.

ओल्या वाफ्यात मुमताज एक गुडघा टेकून बसली. डाव्या हाताच्या दोन बोटांत दांडा, उजव्या हातात फुटक्या आरशाचा तुकडा. भिंग इतकं जवळ यायचं की त्याचीच सावली किड्यावर पडायची, म्हणून आरशानं ऊन आत टाकायचं. रहिमाननं तिला एवढंच सांगितलं, की मी सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही.

माशी आली. गोंड्यावर फिरली, तिथून मुमताजच्या अंगठ्यावर आली, परत गोंड्यावर गेली. मुमताजनं श्वास धरला होता. रहिमानचं डोकं तिच्या डोक्याला लागेल इतकं जवळ, त्याच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास येत होता, आणि दोघंही एका माशीकडे बघत होते. खटका वाजला. रहिमान म्हणाला, "हां. सोड."

परतीच्या एसटीत भोसरी येईपर्यंत ती गप्प होती. मग एकाएकी म्हणाली, "तिच्या मागच्या पायाला पिवळी पोटली होती. बाजारला चालल्यासारखी." रहिमान खिडकीबाहेर बघत राहिला. बायको किती महिन्यांनी आपण होऊन बोलली हे त्याला कळलं होतं, पण कळलं असं दाखवलं तर ती परत गप्प होईल ही भीती. तो म्हणाला, "फुलातली भुकटी असते ती."

तिथून त्यांचे सोमवार लागले. कांद्याला गोंडे असले की महाळुंगे, नसले की पवनेच्या काठची रानफुलं, तेरड्यावरच्या अळ्या, बाभळीवरचे मुंगळे. मुमताज परत बोलायला लागली आणि पहिल्यापेक्षा जास्त बोलायला लागली. कोणती माशी भित्री, कोणती बेरकी, कोणता भुंगा आपल्याच नादात, हे ती शेजारणींच्या स्वभावासारखं सांगायची. एका गलेलठ्ठ हिरव्या अळीचं नाव तिनं मोठ्या नणंदेवरून ठेवलं होतं, आणि ते घरात दोघांनाच माहीत होतं.

फोटो छान यायचे. फक्त जवळजवळ प्रत्येकात एका कोपऱ्यात बोट असायचं, कधी अंगठ्याचं नख, कधी हिरव्या काचेच्या बांगडीची कड. साहेबानं एकदा विचारलं, ही बोटं कुणाची. रहिमान म्हणाला, माझ्या असिस्टंटची. हे त्यानं घरी येऊन सांगितलं, आणि मुमताजला तो शब्द दागिन्यासारखा झाला. शेजारची नूरबी मोठी फटकळ. ती म्हणायची, अगं, तुझा नवरा साऱ्या पिंपरीची तोंडं काढतो आणि तुझी नुसती बोटं, हा कुठला न्याय? मुमताज म्हणायची, तोंड काय, कुणालाही आहे. असिस्टंट एकच आहे.

असं बरंच चाललं. मग गुडघा बोलायला लागला. वर्षानुवर्षं ओल्या मातीत टेकलेला तो उजवा गुडघा. सकाळी उठताना तो असा वाजायचा की कोंबडाही दचकावा. मुमताजनं ते लपवलं. नवरा स्टुडिओत गेला की गरम विटेला फडकं गुंडाळून शेकायची आणि तो यायच्या आत वीट चुलीमागं ठेवायची. शेतात बसताना चेहरा हलू द्यायची नाही. लंगडलीच तर म्हणायची, चप्पल चावते.

तिला वाटायचं, त्याला दिसत नाही. जो माणूस मुंगीचा पाय चार बोटांवरून बघतो, त्याला बायकोचा गुडघा दिसत नाही असं तिला वाटायचं.

त्याच सुमाराला पुण्याच्या कॅम्पातून नवाब येऊ लागला. जुन्या कॅमेऱ्यांचा व्यापारी, तोंडाचा गोड, रहिमानचा जुना दोस्त. एकदा तो रुमालात बांधून दोन भिंगं घेऊन आला. दोन्ही खास बारीक जिवांसाठी घडवलेली, उलटं-पालटं करायची गरज नाही. एक आखूड होतं, पन्नासचं म्हणायचे त्याला. एक लांब, शंभरचं. नवाबनं सांगितलं, की दोन्ही किडा तेवढाच मोठा दाखवतात. फरक अंतराचा. आखूड भिंगाला किड्याच्या अगदी जवळ जावं लागतं, पण ते हलकं, झटपट, हातात धरून काम होतं. लांब भिंग हातभर दूर राहूनच बघतं, किडा बुजत नाही, सावली पडत नाही. पण ते जड, त्याला तिपाई लागते, आणि दांडा काठीला बांधून ठेवावा लागतो. दोन्ही वापरून बघ, म्हणाला, मग सांग. एकच घे, दोन घेण्याइतका तू नवाब नाहीस, नवाब मी आहे.

एका सोमवारी आखूड भिंग लावलं. मुमताजनं दांडा धरला, आरसा धरला, आणि रहिमाननं माशीच्या डोळ्यावरचे केससुद्धा टिपले. ती प्रत बघून दोघं लहान पोरांसारखी हसली. तिथं कोपऱ्यात तिचं नखही होतं, एवढं मोठं की चिमाजी म्हणाला, ही कोणती कीड?

पुढच्या सोमवारी लांबचं भिंग. रहिमाननं तिपाई उभी केली, दांडा सुतळीनं काठीला बांधला, लांब बसला. मुमताज बांधावर बसून राहिली. तिला करायला काही नव्हतं. तिनं भाकरीचं फडकं सोडलं, परत बांधलं. त्या दिवशी गुडघा दुखला नाही, तरी तिला तो दिवस आवडला नाही.

त्या आठवड्यात तिनं दोनदा मनात जुळवलं, की म्हणावं, आखूडच घ्या. पण बायकोनं नवऱ्याच्या हत्यारात तोंड घालायचं नाही, आणि शिवाय त्यालाही तेच हवं असणार, ते काय सांगायला हवं? बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. तिचे गहू पडून राहिले.

रविवारी संध्याकाळी रहिमान घरी आला. हातात नवं पाकीट. त्यानं ते ताटाशेजारी ठेवलं. लांब भिंग होतं. मान वर न करता त्यानं भाकरी मोडली आणि म्हणाला,

"हे घेतलं. किडा बुजत नाही. आता तुला यायची गरज नाही."

मुमताज म्हणाली, "बरं."

एवढंच. संसारात मोठमोठी भांडणं होतात, ताटं फुटतात, माणसं माहेरी जातात आणि परत येतात. हे भांडणच नव्हतं, म्हणून ते मिटायचंही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं एकाच माणसाची भाकरी बांधली. आरशाचा तुकडा ट्रंकेत साडीखाली घातला. रहिमाननं जाताना दारात जरा रेंगाळून विचारलं, उन्हात ठेवायचं काही आहे का, पाणी भरायचं आहे का. ती नाही म्हणाली. मग तो गेला.

त्याचे फोटो आता एकदम स्वच्छ यायचे. प्रत आणून दाखवायचा, म्हणायचा, बघ, मधे काही येत नाही. ती म्हणायची, छान. त्याला वाटायचं, हिला आता बरं आहे, गुडघ्याला आराम आहे. तिला वाटायचं, एवढी वर्षं आपण मधे येत होतो. नूरबीनं एकदा विचारलंच, काय गं असिस्टंट, काढलं का कामावरून? मुमताज हसली आणि घरात जाऊन उगाच तांदूळ निवडत बसली. एसटीत शेजारच्या बाईशी नातं काढणं परत बंद झालं. रहिमानला ते दिसलं, पण त्यानं वय झालं असेल असं स्वतःला समजावलं. पुढं पुढं तोही सगळ्या सोमवारी जाईना. तिपाई कोपऱ्यात उभी असायची आणि तो भिंतीवरची पाल बघत बसायचा. त्याच खोलीत, एका घोंगडीवर दोघं, आणि मधे हातभर अंतर.

ऐंशी साल उजाडलं आणि एका रविवारी स्टुडिओत एका पोराचा गेटपासाचा फोटो काढताना रहिमान म्हणाला, हनुवटी वर, हलू नका, आणि काळ्या फडक्याआड स्वतःच हलायचा थांबला. छातीत काय झालं ते कळलंच नाही. तो पोरगा कितीतरी वेळ हनुवटी वर करून बसून होता. नंतर तो मुमताजच्या दारात येऊन रडला. मला वाटलं अजून फोटो व्हायचाय, म्हणाला.

मुमताज इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवस घरात, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. नवाब पहिल्याच दिवशी आला होता, पण दिरांशी बोलून ओसरीवरूनच परत गेला. त्याच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती तिला सोडून दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

इद्दत संपली तसा तो आला. चहा झाला. म्हणाला, भाभी, भिंग विकायचं असेल तर मी चांगलं गिऱ्हाईक बघतो. मुमताज म्हणाली, न्या. मला त्याचा काय उपयोग. त्याच्यापायीच तर माझी गरज संपली.

नवाबनं कप खाली ठेवला. ज्याची जीभ दिवसभर कॅम्पात चालायची, तो माणूस जमिनीकडे बघून बोलला.

"भाभी, त्यानं आखूड भिंग उचललं होतं. खिशात घातलं होतं. माझ्या दुकानाचा जिना उतरून गेला आणि परत वर आला. म्हणाला, हे घेतलं तर ती बसणार. गुडघा मोडला तरी बसणार. रोज विटेनं शेकते, मला वीट चुलीमागं सापडते."

मुमताजनं पदराचं टोक मुठीत धरलं. म्हणाली, "मला विचारायचं होतं."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, विचारलं तर म्हणेल दुखत नाही." नवाबनं मान वर केली. "तुम्ही काय म्हणाला असता भाभी?"

ती तेच म्हणाली असती.

नवाब सांगत गेला, की रहिमाननं शपथ घातली होती, तिला कळू द्यायचं नाही, नाहीतर हट्टानं चिखलात बसेल. दोस्ताची शपथ पाळली म्हणून नवाबला इतकी वर्षं अभिमान होता. आता तो उठताना म्हाताऱ्यासारखा उठला. भिंग त्यानं नेलं नाही. मुमताजनंही दिलं नाही.

त्यानंतर ती कुणाशी फारसं बोलली नाही. नूरबीनं डोकं चेपलं, खिमा करून आणला. मुमताजनं तिला फक्त एक विचारलं, की माझा गुडघा दुखतो हे तुला माहीत होतं का. नूरबी म्हणाली, साऱ्या काळेवाडीला माहीत होतं, चप्पल कुठं इतकी वर्षं चावते?

हिवाळा सरला, कांद्याला गोंडे आले असतील असा हिशेब लागला, तेव्हा एका सोमवारी मुमताजनं ट्रंकेतून आरशाचा तुकडा काढला. कॅमेरा, लांब भिंग आणि तिपाई एका चादरीत बांधली, पिशवी खांद्याला लावली आणि भोसरीवरून चाकणची एसटी धरली. एसटीत शेजारची बाई म्हणाली, काय घेऊन चाललात? मुमताज म्हणाली, नवऱ्याचं काम राहिलंय थोडं.

चिमाजी आता पुरता वाकला होता. त्यानं तिच्या हातातली चादर घेतली आणि सोबत चालू लागला. मग म्हणाला, "लेकी, एक सांगू का? तुझा मालक शेवटी शेवटी एकटा यायचा न्हाई का. दांडा काठीला बांधायचा. आणि खटका वाजला की म्हणायचा, हां, सोड. आसपास कुणी न्हाई. मी बांधावर बसून हसायचो. म्या म्हटलं बी एकदा, रहिमानभाऊ, काठीला काय सांगतुयास? तवा तो बी हसला. पर त्याचं हसू काही खरं न्हवतं."

मुमताजनं मान हलवली. वाफ्यात शिरली. पांढरे गोंडे तसेच डुलत होते, माश्या तशाच बाजारला निघाल्या होत्या. तिनं तिपाई उभी केली, त्याला उभी करताना बघितलं होतं तशी. कॅमेरा चढवला. त्यात रीळ आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं. सुतळी आणली नव्हती. सुतळी तिला सुचलीच नाही, हात असताना सुतळी कशाला.

तिनं डोळा लावला. गोंडा डुलत होता, नुसता पांढरा धूर. डोळा न काढता तिनं डावा हात पुढं केला. बोटं दांड्याला लागली, पण पकड पुरेना. लांबचं भिंग ते, त्याचं अंतर त्यानं मोजूनमापून घेतलं होतं. धरायला पुढं सरकावं तर डोळा सुटतो, डोळा लावावा तर हात पोचत नाही. दोन-तीनदा करून बघितलं. मग ती उठली, तिपाईपुढं गेली आणि आपल्या जुन्या जागी गुडघा टेकून बसली. गुडघा वाजला. या वेळी तिनं चेहरा आवरला नाही.

डाव्या हाताच्या दोन बोटांत दांडा, उजव्या हातात आरसा. ऊन गोंड्यावर पडलं. कॅमेरा हातभर अंतरावरून तिच्या बोटांकडे बघत होता आणि त्याच्या मागं कुणी नव्हतं. एक माशी आली, गोंडाभर फिरली, तिच्या अंगठ्यावरून चालली आणि उडून गेली. दुसरी आली. तीही गेली. चिमाजी बांधावरून बघत होता. ऊन कलायला लागलं. त्याला वाटलं, जाऊन उठवावं. तो जवळ आला, खोकला, आणि शक्य तितक्या हळू म्हणाला,

"लेकी, सोड आता."

बोटं थोडी सैल झाली. मग परत मिटली.

"नाही काका," मुमताज म्हणाली, "अजून त्यांनी म्हटलं नाही."

चिमाजीनं तिच्या पिशवीतलं भाकरीचं फडकं काढलं. तिनं आज दोघांची बांधली होती. तो तिथंच वाफ्याच्या कडेला ओल्या मातीत बसला आणि तिची वाट बघत राहिला.